आजारी नसलेल्या बाळाचा दवाखाना

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप. बोलतानाचे "म्हणजे" आणि "अं" शक्य तेवढे काढलेत, तरी काही राहिलेच.)

  आज पाहुणे कुणी नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. विषय जरा लांबचा वाटेल: शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्क शहरात लहान बाळांसाठी निघालेले सरकारी दवाखाने. पण सुरुवात आमच्या घरातून करतो, कारण मी या विषयापर्यंत पोचलो ते घरातूनच.

माझी आई अंगणवाडी सेविका आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात वीस वर्षांच्या वर ती हे काम करतेय. मी लहान असताना टांगायचा वजनकाटा आमच्या घरी तुळईला लावलेला असायचा, कारण अंगणवाडीच्या खोलीचं छप्पर गळायचं. त्या काट्याच्या झोळीत गावातली निम्मी पोरं रडून गेलीत. वजन झालं की आई ते रजिस्टरात लिहायची, मग तक्त्यावर ठिपका द्यायची. हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, नारिंगी पट्टा. आता मोबाइलवर अॅप आलंय, पण रजिस्टरं काही सुटली नाहीत.

गेल्या दिवाळीत मी घरी होतो. आई रात्री रजिस्टर पुरं करत बसली होती. मी बीटेक झालेला, कंपनीत डॅशबोर्ड बनवणारा माणूस. मी रजिस्टर हातात घेतलं, दोन-चार पानं उलटली आणि शहाणपणा केला. म्हटलं, "आई, यात वजनं आहेत, गृहभेटी आहेत, टीएचआर वाटप आहे. पण रिझल्ट कुठंय? एवढं करून नक्की झालं काय, हे कुठल्या रकान्यात दिसतं?"

आईनं मान वर न करता विचारलं, "जी पोरं गेली असती पण गेली नाहीत, ती कुठल्या रकान्यात लिहू, ते तूच सांग."

मला उत्तर आलं नाही. खरं सांगायचं तर जरा लागलंच, कारण माझी स्वतःची नोकरीतली तक्रार अगदी हीच आहे. माझ्या टीमचं काम म्हणजे सिस्टीम बंद पडायच्या आधी ओळखायचं. वर्षभर काही बंद पडलं नाही की अप्रेझलमध्ये विचारतात, तुम्ही वर्षभर केलंत काय? आणि तोच प्रश्न मी आईला विचारून बसलो होतो.

परत पुण्याला आल्यावर डोक्यात एकच विचार होता. निरोगी बाळाला काट्यावर टांगायचं, नोंद ठेवायची, घरी जाऊन आईशी बोलायचं, हे कुणाला सुचलं असेल पहिल्यांदा? कारण हे आपोआप सुचणारं नाही बघा. दवाखाना म्हटलं की आजारी माणूस. बाळ चांगलं हसतंय, पितंय, तर त्याला दवाखान्यात का न्यायचं? ते शोधता शोधता मी एका बाईंपर्यंत पोचलो. त्यांचं नाव डॉ. सारा जोसेफीन बेकर.

आधी काळ कसा होता ते सांगतो. १९०० च्या आसपासचं न्यूयॉर्क. युरोपातून बोटी भरभरून माणसं येतायत, इटालियन, ज्यू, आयरिश. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात पाच-सहा मजली चाळी, त्यांना तिकडे टेनेमेंट म्हणायचे. खोल्या अंधाऱ्या, काही खोल्यांना खिडकीच नाही, मजल्यावर सामाईक नळ. आपल्या गिरणगावातली चाळ डोळ्यांसमोर आणा, फार फरक पडणार नाही. त्या शहरात तेव्हा जन्मलेल्या सुमारे सात बाळांपैकी एक बाळ पहिला वाढदिवस बघत नव्हतं.

आणि हे मरण मुख्यतः उन्हाळ्यात यायचं. त्याला नावच होतं, उन्हाळी जुलाब. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा वाढला की बाळांना जुलाब लागायचे, अंगातलं पाणी जायचं आणि दोन-चार दिवसांत खेळ खलास. कारण बहुतेक वेळा दूध. आईचं नव्हे, वरचं. दूध लांबच्या गोठ्यातून यायचं, उघड्या कॅनमधून मोजून विकलं जायचं, बर्फ नाही, झाकण नाही. त्यात पाणी घातलेलं असायचं, ते पाणीही कुठलं कोण जाणे. बाळाच्या पोटात पोचेपर्यंत ते दूध म्हणजे जंतूंची शेतीच झालेली असायची.

मग पहिला उपाय सुचला तो साहजिक होता: चांगलं दूध द्या. इथे फ्रान्सचा उल्लेख करायला हवा. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फेकां नावाचं मच्छीमारांचं बंदर आहे. तिथे लेओं दुफूर नावाच्या डॉक्टरनं १८९४ साली एक केंद्र काढलं. नाव ठेवलं "गूत द ले", म्हणजे दुधाचा थेंब. निर्जंतुक केलेलं दूध बाटल्यांत भरून गरीब आयांना द्यायचं, आणि त्यासोबत बाळाचं वजनही बघायचं. ही कल्पना आणि ते नाव दोन्ही बऱ्याच देशांत पसरलं. इंग्लंडमध्ये सेंट हेलेन्स या गावच्या नगरपालिकेनं १८९९ मध्ये असंच दूध केंद्र काढलं. न्यूयॉर्कमध्ये तर त्याही आधी, १८९३ मध्ये, नेथन स्ट्रॉस या व्यापाऱ्यानं स्वतःच्या पैशानं दूध केंद्रं सुरू केली होती. हा मेसीज या मोठ्या दुकानाचा एक मालक. पाश्चराइज्ड दूध, अगदी कमी किमतीत.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते पॅरिसमधलं एक काम. पिएर ब्यूदँ नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. त्यांच्या लक्षात आलं की आपण बाळंतपण नीट करतो, आई आणि बाळ ठणठणीत घरी पाठवतो, आणि काही महिन्यांनी कळतं की बाळ गेलं. मधे काय झालं? ते कुणीच बघत नाही. म्हणून १८९२ मध्ये त्यांनी शारिते रुग्णालयात नवी पद्धत सुरू केली. तिथे बाळंत झालेल्या बायकांनी बाळाला ठरलेल्या दिवशी परत आणायचं. आजारी असो वा नसो. बाळाचं वजन करायचं, तपासायचं, आईला अंगावर पाजायला उत्तेजन द्यायचं. आईच्या तुळईवरच्या काट्याचे पणजोबा इथे भेटले मला.

कारण वजन ही फार हुशार गोष्ट आहे. बाळ बोलत नाही. जुलाब लागल्यावर काय होतंय ते दिसतं, पण पुष्कळदा त्याच्या आधीच वजन वाढायचं मंदावलेलं असतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर पडायच्या आधी मेमरी हळूहळू भरत असते, तसं. काट्याला ते आधी कळतं.

आता बेकर. जन्म १८७३ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावचा. घर चांगलं खातंपितं होतं. पण त्या सोळा वर्षांच्या असताना वडील टायफॉइडनं गेले आणि घरची घडी मोडली. कमवायला हवं म्हणून त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं, जे तेव्हा मुलीनं ठरवणं म्हणजे नातेवाइकांच्या मते वेडेपणाच होता. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातून पदवी घेतली. दवाखाना थाटला. पहिल्या वर्षाची कमाई किती असेल? १८५ डॉलर. वर्षाची! तेवढ्यात भाडंही निघेना, म्हणून त्यांनी परीक्षा देऊन शहराच्या आरोग्य खात्यात इन्स्पेक्टरची अर्धवेळ नोकरी धरली. म्हणजे आपल्याकडे प्रॅक्टिस चालेना म्हणून नोकरी बघतात तसंच. समाजसेवेचं व्रत वगैरे काही नव्हतं, आणि त्यांनी तसं भासवलंही नाही.

त्यांना उन्हाळ्यात हेल्स किचन नावाच्या वस्तीत पाठवलं. काम काय, तर जिने चढायचे, दारं ठोठवायची आणि आजारी बाळं शोधायची. जिन्याच्या एका टोकाला उकाडा, दुसऱ्या टोकाला दारुडा. आणि दारापलीकडे बाळ आधीच हाताबाहेर गेलेलं. नंतर आत्मचरित्रात त्यांनी लिहिलंय की त्या आयांना याचं नवल वाटत नव्हतं. उन्हाळ्यात बाळं जातातच, हे त्यांनी धरून चाललेलं होतं. बेकर यांना दमवलं ते या गोष्टीनं. आणि हळूहळू त्यांच्या डोक्यात बसलं की आजारी बाळ शोधणं म्हणजे उशीर झाल्यावर पोचणं. जुलाबानं सुकलेल्या बाळाला वाचवायला त्या काळी डॉक्टरकडे फारसं काही नव्हतंच. ओआरएस, अँटिबायोटिक, यातलं काहीही नाही.

मधे एक गंमत सांगून टाकतो. "टायफॉइड मेरी" हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मेरी मॅलन, ती स्वयंपाकीण, जिच्या हातच्या जेवणातून टायफॉइड पसरायचा. १९०७ मध्ये तिला पोलिसांबरोबर जाऊन पकडून आणणाऱ्या डॉक्टर म्हणजे ह्याच बेकर. मेरी इतकी झुंजली की अँब्युलन्समध्ये बेकर अक्षरशः तिच्या अंगावर बसून गेल्या. जगाला बेकर आठवतात त्या बहुधा ह्याच प्रसंगामुळे. पकडलेला आजारी माणूस दिसतो ना, त्यामुळे.

आता मुख्य गोष्ट. १९०८ चा उन्हाळा.

उन्हाळ्यात शाळांना सुट्टी असते, म्हणजे शहराच्या शाळांमध्ये काम करणाऱ्या नर्स रिकाम्या. बेकर यांनी त्यातल्या तीस नर्स मागून घेतल्या. जागा निवडली लोअर ईस्ट साइडमधला एक दाट इटालियन वस्तीचा भाग, जिथे बालमृत्यू फार होते. आणि पद्धत काय? शहराच्या जन्मनोंदणी कचेरीतून रोज यादी आणायची. काल ह्या भागात कुणाच्या घरी बाळ जन्मलं, नाव आणि पत्ता. आणि दुसऱ्या दिवशी नर्स त्या दारात हजर. बाळ एक-दोन दिवसांचं, ठणठणीत. तेव्हाच जायचं.

नर्सनं काय करायचं? इंजेक्शन नाही, औषध नाही. अंगावर पाज, बाटली शक्यतो नको. खिडकी उघड. उकाड्यात बाळाला लोकरीत गुंडाळू नकोस, पातळ कपडे घाल. रोज आंघोळ घाल. संध्याकाळी बागेत मोकळ्या हवेत ने. वरचं द्यावंच लागलं तर उकळून दे. पुढच्या आठवड्यात परत यायचं, परत विचारायचं. एवढंच. ऐकताना वाटतं, यात काय मोठंसं? आमच्या आईचं गृहभेटीचं बोलणं रेकॉर्ड केलं तर थोड्याफार फरकानं हेच निघेल.

उन्हाळा संपला तेव्हा हिशोब झाला. त्या एका भागात आधीच्या उन्हाळ्यापेक्षा १२०० बाळं कमी दगावली होती. हा बेकर यांनी स्वतः दिलेला आकडा आहे. शहराच्या बाकी भागांत मरण नेहमीसारखंच होतं.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे माझ्या डोक्यात लगेच शंका. एकच उन्हाळा, एकच भाग, चिठ्ठ्या टाकून निवडलेला नाही. आजच्या काटेकोर चाचणीसारखा हा प्रयोग नव्हता. पण बेकर यांनी एक गोष्ट अशी केली जी मला फार पटली. त्यांनी तुलना ठेवली. हा भाग विरुद्ध तो भाग, हा उन्हाळा विरुद्ध मागचा उन्हाळा. आईनं विचारलं होतं ना, न गेलेली पोरं कुठल्या रकान्यात लिहू? त्याचं एक उत्तर इथे आहे. एकट्या रजिस्टरात तो रकाना नसतो. दोन रजिस्टरं शेजारी ठेवली की तो मधे उमटतो.

त्याच ऑगस्टमध्ये शहरानं बाल आरोग्यासाठी वेगळा विभाग काढला. ब्यूरो ऑफ चाइल्ड हायजीन. सरकारी पैशावर चालणारा असा हा पहिलाच विभाग, आणि प्रमुख डॉ. बेकर. हाताखाली सहा डॉक्टर दिले, सगळे पुरुष. त्या सहाही जणांनी राजीनामे पुढे केले. का, तर बाईच्या हाताखाली काम करणार नाही. बेकर भांडल्या नाहीत. म्हणाल्या, एक महिना करून बघा, नाही जमलं तर खुशाल जा. महिन्यानंतर कुणी गेलं नाही.

मग आली ती बाळांची आरोग्य केंद्रं. १९११ पासून शहरानं स्वतःची दूध केंद्रं उघडायला सुरुवात केली आणि थोड्याच वर्षांत ती पन्नासच्या वर गेली. गल्लीतल्या दुकानाच्या गाळ्यात केंद्र. मधे टेबल, टेबलावर काटा. एका बाजूला स्वस्त, स्वच्छ दुधाच्या बाटल्या. आईनं बाळाला घेऊन यायचं, वजन करायचं, नर्सशी बोलायचं, डॉक्टरला दाखवायचं. बाळ आजारी निघालं तर त्याला दुसऱ्या दवाखान्यात पाठवायचं, कारण हे केंद्र आजारी बाळांसाठी नव्हतंच.

इथे दुधाचं काम दुहेरी होतं, बघा. ज्या आईला खरंच पाजता येत नाही तिच्या बाळाला चांगलं दूध मिळे, हे एक. आणि दुसरं, दूध घ्यायला आई पुन्हा येई. पुन्हा आली की पुन्हा वजन. आमच्याकडे टीएचआरच्या पाकिटाचं असंच आहे. आई सांगते, पाकिटं आली नाहीत की त्या महिन्यात वजनाला निम्मीच पोरं येतात.

बेकर यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. आई कामावर गेली की बाळ कोण सांभाळतं? मोठी बहीण. आठ-दहा-बारा वर्षांची पोर, कडेवर भाऊ. यावर नाकं मुरडण्यात अर्थ नव्हता, ते होतच राहणार होतं. म्हणून त्यांनी शाळांमधून "लिटल मदर्स लीग" काढली. छोट्या आया. मोठ्या मुलींना बाळाची आंघोळ, दूध, स्वच्छता शिकवली. ह्या हजारो मुली घराघरांत आरोग्य खात्याच्या वार्ताहर झाल्या. इंग्रजी न येणाऱ्या आईला सरकारी नर्सचं बोलणं कळत नसे, पण स्वतःच्या लेकीचं कळे.

हे सगळं गोडगोड नव्हतं, हेही सांगतो. सरकारनं परक्या बायकांच्या घरात घुसून त्यांना आईपण शिकवायचं, यात एक उद्धटपणा आहेच. तुमच्या गावाकडच्या रीती अडाणी, आमचं शास्त्र खरं, असा सूर त्या काळच्या पत्रकांमध्ये असायचा. आणि खोलीला खिडकीच नसेल तर "खिडकी उघडा" हा सल्ला कुणाला देणार? दारिद्र्याचं काम शिकवणीनं होत नाही. हे धरूनच पुढचं ऐका.

मला सगळ्यात जास्त हसवलेली आणि सगळ्यात जास्त विचार करायला लावलेली गोष्ट आता सांगतो. ब्रुकलिनमधल्या डॉक्टरांनी महापौरांकडे एक अर्ज केला. मागणी काय, तर हा बाल आरोग्य विभाग बंद करा. कारण? ह्या विभागामुळे बाळं निरोगी राहतायत आणि आमचा धंदा बसतोय. हे विरोधकांनी रचलेलं नाही, त्यांनी स्वतःच अर्जात लिहिलेलं. बेकर यांनी ते प्रशस्तिपत्रकच मानलं. मीही हसलो. मग लक्षात आलं की अख्ख्या शहरात त्या विभागाचं काम आकड्यांशिवाय दिसलं ते फक्त ह्या डॉक्टरांना. त्यांच्या बाकावरची रिकामी जागा त्यांना दिसत होती. वाचलेल्या बाळाच्या आईला कळतही नाही की आपलं बाळ वाचलं. तिच्या दृष्टीनं बाळाला काही झालेलंच नसतं. ती आभार कशाचे मानणार?

बेकर १९२३ मध्ये निवृत्त झाल्या. तोवर न्यूयॉर्कमध्ये सातापैकी एक ऐवजी साधारण पंधरापैकी एक बाळ पहिल्या वर्षात दगावत होतं. प्रमाण निम्म्याहून खाली. हे सगळं श्रेय केंद्रांना द्यायचं का? नाही. ह्याच काळात शहरात दूध पाश्चराइज करणं सक्तीचं झालं, पाणी आणि गटारं सुधारली, लोकांची मिळकतही थोडी वाढली. कुठल्या गोष्टीचा वाटा किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण मला वाटतं, केंद्राचं खरं काम हे सगळं एका बाळापर्यंत पोचवण्याचं होतं. चांगलं दूध शहरात असणं वेगळं आणि चौथ्या मजल्यावरच्या खोलीत, त्या बाटलीत असणं वेगळं.

पुढे हेच देशभर करायचं ठरलं. १९२१ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं शेपर्ड-टाउनर कायदा केला. माता आणि बाळांच्या केंद्रांना केंद्र सरकारचा पैसा. बायकांना नुकताच मताचा अधिकार मिळाला होता, पुढारी जरा घाबरून होते, त्यामुळे तो पासही झाला. डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेनं कडाडून विरोध केला. आणि १९२९ मध्ये पैसा बंद झाला, कायदा संपला. तोवर पुढाऱ्यांची भीती गेली होती. वाचलेल्या बाळांचा मोर्चा काही निघत नाही.

आता आपल्याकडे वळतो, कारण त्याच वर्षांत मुंबईत काय चाललं होतं ते यादीच्या मुद्द्याशी थेट जोडलेलं आहे. १९२१ साली मुंबईचा सरकारी बालमृत्यू दर होता हजारी ६६७. परत सांगतो, हजारात सहाशे सदुसष्ट. मी आधी वाचलं तेव्हा वाटलं छपाईची चूक असेल. चूक नव्हती, पण आकडा सरळही नव्हता. कामगार बायका बाळंतपणाला गावी जात, कोकणात, घाटावर. जन्माची नोंद झाली तर तिकडे. मग बाळ घेऊन चाळीत परत येत, आणि बाळ दगावलं तर मृत्यूची नोंद मुंबईत. शिवाय शहरातल्या पुष्कळ जन्मांचीही नोंद होत नसे. म्हणजे भागाकारात खालचा आकडाच कमी. खरा दर त्यापेक्षा कमी होता, पण भयानकच होता. आणि विचार करा, बेकर यांचं सगळं काम उभं होतं कालच्या जन्मांच्या यादीवर. ती यादीच नसेल तर नर्स जाणार कुणाच्या दारात?

गिरणीत जाणाऱ्या बायका बाळाला अफूची गोळी देऊन निजवायच्या, हे तुम्ही कदाचित आजीकडून ऐकलं असेल. बाळगोळी म्हणायचे तिला. १९२० च्या दशकात मुंबई सरकारनं एका डॉक्टरबाईंकडून गिरणीतल्या बायकांची पाहणी करवली, त्यात ही गोष्ट ठळकपणे पुढे आली. पण बाईनं करायचं काय? दहा तास साच्यावर उभं राहायचं आणि बाळ खोलीत. तिला "अफू देऊ नका" हे शिकवून काही होणार नव्हतं. तिला घरी बसून पाजायला पगार हवा होता. मुंबई कायदेमंडळात १९२८ मध्ये प्रसूती रजेच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले होते, आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा मातृत्व लाभ कायदा झाला. देशातला पहिलाच. मघाशी म्हटलं ना, खिडकी नसलेल्या खोलीत सल्ला अडतो, तो इथे अडला होता, आणि तिथून पुढची वाट कायद्यानं काढली.

आपली अंगणवाडी आली १९७५ मध्ये, २ ऑक्टोबरला. आईच्या हातातला काटा, तक्ता, गृहभेट, पाकीट, यातलं जवळजवळ सगळं पॅरिसच्या, फेकांच्या आणि न्यूयॉर्कच्या त्या खोल्यांमध्ये आधी दिसतं. आणि अडचणीही त्याच दिसतात. मानधन तुटपुंजं, कामाला "सेवा" म्हणायचं, आणि रिझल्ट दाखवा म्हणायचं.

हा भाग तयार करताना मी आईला फोन केला. बेकर यांची गोष्ट सांगितली, तीस नर्स, बाराशे बाळं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "तीस जणी होत्या होय? बरंय." एवढंच. तिच्याकडे ती आणि एक मदतनीस.

मग मी तिला म्हटलं, आपण एक करू. तुझी जुनी रजिस्टरं आहेत का? माळ्यावर आहेत म्हणाली, काही उंदरांनी खाल्लीत. पुढच्या सुट्टीत मी ती काढून बसणार आहे. पोरांची नावं कुठे द्यायची नाहीत, बाहेर काही टाकायचं नाही. फक्त मोजायचं. पहिल्या पाच वर्षांत नारिंगी पट्ट्यात किती पोरं होती आणि शेवटच्या पाच वर्षांत किती. कदाचित काही निघणार नाही. गाव लहान आहे, आकडे लहान आहेत, मधे रस्ता झाला, नळ आला, कुणाचं श्रेय किती हे मलाही सांगता येणार नाही. पण दोन रजिस्टरं शेजारी ठेवून बघण्याचं काम वीस वर्षांत कुणी केलेलं नाही. ज्याला ते येतं तो मुलगा घरात होता, आणि तो रिझल्ट कुठंय विचारत होता.

तर आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात, गल्लीत कुणी अंगणवाडीताई, आशाताई, नर्सताई असतील तर त्यांच्याशी बोला आणि मला कळवा. विशेषतः त्यांच्याकडे जुन्या वह्या असतील तर रद्दीत देऊ नका म्हणावं. भाग आवडला तर शेअर करा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!